कुठल्या कुशीवर

“ताई, तुम्ही कुठल्या कुशीवर झोपता?”

गाद्यांच्या दुकानातल्या त्या तरुण मुलानं हे अगदी सहज विचारलं. दिवसभरात कितीतरी जणांना विचारत असेल. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तशीच थांबले. पाठ टेकते तेव्हा मी उताणी असते, एवढं मला ठाऊक आहे. पुढचं काहीच ठाऊक नाही. मागून नवरा म्हणाला, “डाव्या. उजवा हात उशीखाली घालून. पहाटेकडे पालथी होते, आणि त्या दिवशी हिची मान हमखास धरते.” मुलानं मान डोलावली. तेवढंच त्याला हवं होतं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, “आणि सर?”

मला सांगता येईना.

“बहुतेक उताणा,” मी म्हटलं. नवरा नुसता हसला. मुलगा पुढच्या गादीकडे वळला, तिच्यावरचं प्लास्टिक सारखं करू लागला. त्याच्या दृष्टीनं विषय संपला होता. मला मात्र ते ‘बहुतेक’ टोचत राहिलं. बावीस वर्षं ज्या माणसाच्या शेजारी झोपते आहे त्याची कूस मला माहीत नाही, आणि त्याला माझा उजवा हात कुठं असतो तेसुद्धा माहीत आहे. याचं कारण मला कळतं. मी आडवी झाले की पाच मिनिटांत माझा डोळा लागतो. त्याला झोप उशिरा येते, मधूनमधून तुटते. जो जागा असतो त्यालाच शेजारचा दिसणार. पण कारण कळलं म्हणून टोचणं थांबत नाही.

नवी गादी घ्यायची ठरली ती जुनी बसली म्हणून. ‘गादी बसली’ हा आपला शब्द किती नेमका आहे! थकलेलं माणूस बसतं तशीच ती बसते, आणि पुन्हा उठत नाही. सोळा वर्षं वापरली. वर्षातून दोनदा डोक्याची बाजू पायाकडे फिरवून घालायची असते, म्हणजे सगळीकडून सारखी झिजते. पहिली काही वर्षं ते केलं, नंतर राहून गेलं. सकाळी उठल्यावर कंबर आखडलेली असायची आणि तासाभरात मोकळी व्हायची, तरी गादीवर संशय येत नव्हता. वय झालं, असंच आम्ही दोघं एकमेकांना सांगत होतो. मग एकदा चार दिवस दुसऱ्यांकडे राहायला गेलो आणि चारही दिवस मी सरळ उठले. घरी परतल्यावर चादर काढली, पडद्याची दांडी गादीवर आडवी टाकली आणि खालून फूटपट्टी सरकवली. माझ्या बाजूला तीन सेंटीमीटर खोल. त्याच्या बाजूला पाच. आणि मधोमध हातभर रुंदीची एक पट्टी जवळजवळ नव्यासारखी, दांडीला टेकलेली.

तिथं मुलगी झोपायची, आठ वर्षांची होईपर्यंत. तिचं वजनच एवढं हलकं की गादीला ते जाणवलंच नसावं. पुढं ती तिच्या खोलीत गेली, मग शिकायला बाहेर गेली, आणि तिची जागा तशीच उंच राहिली. आम्ही दोघं आपापल्या खड्ड्यात आणि मध्ये तो उंचवटा. रात्री त्याच्याकडे सरकायचं तर जरासं चढून जावं लागत होतं. इतकी वर्षं अंगाला ते कळत असणार, मला मात्र दांडी टाकल्यावर दिसलं. कितीतरी वेळ मी त्या उघड्या गादीच्या कडेला बसून होते. कापडावर कुठंतरी शाईचा निळा डाग होता, एका कोपऱ्यात औषध सांडल्याचा तपकिरी. काठाचा गोट हातानं धरधरून उचलल्यामुळे चार ठिकाणी उसवलेला.

मग वाचत सुटले. गादीवर वाचण्यासारखं इतकं असेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यात जास्त घोळ ‘डेन्सिटी’ या शब्दानं घातलेला आहे. एक घनमीटर फोमचं वजन किती किलो, एवढाच त्याचा अर्थ. ४० डेन्सिटी म्हणजे घनमीटरला ४० किलो. या आकड्यावरून गादी किती टिकेल याचा अंदाज येतो, कडक आहे की मऊ ते कळत नाही. कडकपणा वेगळा मोजतात: फोममध्ये एक चकती ठरावीक खोलीपर्यंत दाबायला किती जोर लागतो, त्यावरून. भरपूर डेन्सिटीचा फोम मऊ असू शकतो, हलक्या डेन्सिटीचा कडक. उरलेल्या फोमचे तुकडे एकत्र दाबून, चिकटवून जो रीबॉन्डेड फोम करतात तो आकड्यात भल्याभल्यांना मागं टाकतो आणि अंगाला फळीसारखा लागतो. मी तीन दुकानं फिरले. तिन्हीकडे हे दोन्ही शब्द एकाच अर्थानं वापरत होते. याचा मला खरंच राग आला. माणूस इथं पुढच्या दहा वर्षांची झोप विकत घ्यायला आलेला असतो. त्याला आकडा सांगायचा तर आकड्याचा अर्थही सांगायला हवा.

आणि आपण तपासतो ते तळहातानं. दुकानात शिरलेला प्रत्येक जण गादीवर तळवा दाबून बघतो. मीही तेच करत होते. तळव्याला काय कळणार? भार पडतो तो खांद्यावर, खुब्यावर, माकडहाडाच्या वर. त्यासाठी झोपूनच बघावं लागतं, रोजच्या कुशीवर, निदान दहा-पंधरा मिनिटं. पहिल्या दोन मिनिटांत मऊ ते सगळं छानच वाटतं. अंग रुतून बसल्यावर कंबर खरं काय ते सांगते. पण डोक्यावर पांढरीफटक ट्यूब, बाजूनं अनोळखी माणसं ये-जा करणारी, तळव्यांखाली प्लास्टिक चुरचुरणारं, नव्या फोमचा तो गोडसर रासायनिक वास. अशा जागी चपला काढून कुशीवर वळायला धीर लागतो. आमच्यापासून दोन गाद्या सोडून एक म्हातारं जोडपं झोपलं होतं. आजी पर्स छातीशी धरून, आजोबा चष्मा हातात घेऊन, दोघंही छताकडे बघत, एक शब्द न बोलता. त्यांना बघूनच मला आडवं व्हायला बळ आलं. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. त्या दिवशी आम्ही ते अक्षरशः केलं. दोघांत जो उंच त्याच्यापेक्षा गादी दहा-पंधरा सेंटीमीटर लांब हवी असते. नवऱ्यानं पाय ताणले आणि पहिल्या गादीवर त्याच्या टाचा काठाला आल्या.

पाठ दुखत असेल तर कडक गादीवर झोपावं, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. डॉक्टरही तेच सांगत. स्पेनमध्ये ३१३ माणसांवर एक चाचणी झाली होती, सगळी कंबरदुखीनं बेजार झालेली. काहींना कडक गाद्या दिल्या, काहींना मध्यम कडक, आणि ९० दिवसांनी पाहिलं. मध्यम कडकवाल्यांचा त्रास जास्त कमी झाला होता. २००३ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. कुशीवर झोपणाऱ्याचा विचार केला तर हे सहज पटतं. खांदा आणि खुबा ही दोन टोकं गादीत थोडी शिरली तरच मधली कंबर टेकते आणि कणा सरळ राहतो. गादी फळीसारखी असली तर कंबर अधांतरी राहते, आणि फार मऊ असली तर खुबा बुडून कणा वाकतो. म्हणून तर त्या मुलानं कूस विचारली होती. प्रश्न अगदी मुद्द्याचा होता.

आणि या प्रश्नाचं उत्तर मी एकेकाळी दर दोन तासांनी वहीत लिहीत होते.

शेवटचे सात महिने बाबांनी अंथरूण धरलं होतं. त्यांना स्वतःहून कूस बदलता येत नव्हती. निरोगी माणूस झोपेतही रात्रभर वळत असतो, कारण एका जागी फार वेळ भार पडला की तिथलं रक्त अडतं आणि शरीर आपल्याला न उठवता हलवतं. ते हलणं थांबलं की कातडी आतून मरायला लागते. पलंगावरच्या गादीवर आम्ही हवेची गादी घातली होती, आडव्या नळ्या असलेली. पायथ्याशी लटकवलेला पंप दिवसरात्र घुं घुं करायचा. दर दहा मिनिटांनी एक सोडून एक नळ्या फुगायच्या, मधल्या बसायच्या, मग उलट. बाबांचं अंग त्यावर अगदी हळू वर-खाली व्हायचं. तरीही दर दोन तासांनी आम्हाला त्यांना वळवावं लागे. पाठीमागं उशी, गुडघ्यांच्या मध्ये उशी, आणि पोटऱ्यांखाली अशी एक की टाचा कशालाही टेकणार नाहीत. एका नर्सबाईंनी शिकवलं होतं की माकडहाडापाशी लाली दिसली तर बोटानं दाबून सोडायचं. क्षणभर पांढरं पडलं आणि पुन्हा लाल झालं तर ठीक. पांढरं पडलंच नाही तर आत दुखापत सुरू झाली. रात्री दोन वाजता, टॉर्चच्या उजेडात, वडिलांच्या पाठीवर बोट दाबून मी ते पांढरं व्हायची वाट बघत असायचे.

वहीत नोंदी असायच्या. दहा वाजता, डावी कूस. बारा, उताणे. दोन, उजवी. चार, डावी. मी पलंगाशेजारी जमिनीवर सतरंजी टाकून झोपायची आणि एक हात पलंगाच्या पायाला लावून ठेवायची, म्हणजे ते जरा हलले तरी मला कळावं. तेव्हा माझी झोप अशी गाढ नव्हती. पंपाचा आवाज एक क्षण बदलला तरी मी उठून बसायची. ते गेले त्यानंतर कितीतरी आठवडे त्या घुं घुं आवाजाशिवाय मला झोप येत नव्हती. आणि मग जी आली ती अशी की अजूनही कुणी हलवल्याशिवाय जाग येत नाही. नवऱ्याची कूस मला का माहीत नाही, याचा थोडा उलगडा कदाचित इथं असेल. मी तसा तो लावून पाहते. पण पूर्ण पटत नाही.

दुकानात परत येते. त्या मुलानं एका गादीच्या एका टोकाला पाण्यानं भरलेला काचेचा ग्लास ठेवला आणि नवऱ्याला म्हणाला, “सर, तुम्ही त्या बाजूला बसा. जोरात बसा.” नवरा बसला. ग्लासातलं पाणी जरासं थरथरलं, सांडलं नाही. “बघा,” मुलगा माझ्याकडे बघून म्हणाला, “सर रात्री कितीही वेळा उठले तरी तुम्हाला कळणार पण नाही.” त्याच्या चेहऱ्यावर कामातला खरा आनंद होता, आणि गोष्ट होतीही तशीच नामी. ती पॉकेट स्प्रिंगची गादी होती. जुन्या पद्धतीच्या स्प्रिंगच्या गादीत सगळ्या स्प्रिंगा तारांनी एकमेकींना बांधलेल्या असतात. एक दबली की शेजारची ओढली जाते, म्हणून एकानं कूस बदलली की दुसऱ्याला हिंदोळा बसतो. पॉकेट स्प्रिंगमध्ये प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत शिवलेली असते आणि एकटीच दबते. जेम्स मार्शल नावाच्या कॅनडातल्या इंजिनियरनं १९०० साली याचं पेटंट घेतलं होतं. शंभराहून जास्त वर्षं जुनी युक्ती, पण अजूनही दुकानात ग्लास ठेवून दाखवावी अशी.

मेमरी फोमवरही झोपून पाहिलं. त्याची जन्मकथा मला आवडते. १९६६ साली नासासाठी तो तयार झाला, विमानाच्या सीटमध्ये बसणाऱ्याला धक्का कमी बसावा म्हणून. निजायचा विचारच त्यात नव्हता. त्यावर हात दाबून उचलला की पंजाचा ठसा राहतो आणि मग सावकाश, जणू आठवत आठवत, पुसला जातो. अंगाच्या उबेनं तो मऊ होतो आणि आपल्याला सगळीकडून धरतो. काहींना हे धरणं हवंहवंसं वाटतं. मला कूस बदलायला जड गेलं, आणि दहा मिनिटांत पाठ गरम झाली. काथ्याची गादी हवेशीर, पण फार कडक. लॅटेक्सवर झोपल्यावर मात्र दोघंही एकाच वेळी ‘हं’ म्हणालो. रबराच्या चिकाला फेस आणून तो भाजून हे करतात. दाबलं की दबतं आणि हात काढल्याबरोबर वर येतं, काही लक्षात न ठेवता.

माणूस किती वर्षांपासून हे सगळं करतो आहे, हे वाचलं तेव्हा मला भरून आलं होतं. दक्षिण आफ्रिकेत सिबुडू नावाच्या गुहेत ७७,००० वर्षांपूर्वीची अंथरुणं सापडली आहेत. लव्हाळ्याचे आणि गवताचे थर, आणि वर एका झाडाची पानं पसरलेली. नुसती मऊ लागतात म्हणून नव्हे. त्या पानांत कीटकांना पळवणारी द्रव्यं आहेत, आणि संशोधकांचं म्हणणं आहे की त्या लोकांनी ती बहुधा त्यासाठीच निवडली. जुनं अंथरूण ते मधूनमधून जाळत आणि त्याच जागी नवं घालत. भाषा कुठली बोलत असतील कोण जाणे, पण कुणीतरी उठून ठरावीक झाडापर्यंत गेलं असणार, पानं तोडून आणली असणार, पसरली असणार, शेजारच्याला रात्री काही चावू नये म्हणून.

मराठीत गादी राजाचीही असते आणि गुरूचीही. त्या गादीवर कोण बसणार यावरून भांडणं होतात. पण आपण जिच्यावर रोज झोपतो तिच्याबद्दलचे आपले शब्द फार साधे आहेत. पाठ टेकणं. अंग टाकणं. घटकाभर आडवं होणं. यात कुठंही मिळवणं नाही, सगळं सोडणं आहे. आणि आजारपण आलं की आपण म्हणतो, अंथरूण धरलं. मला हा शब्द लहानपणी उलटा वाटायचा, अंथरुणानं माणसाला धरलं असं म्हणायला हवं. बाबांच्या वेळी पाहिलं: त्यांच्या उजव्या हाताची बोटं चादरीच्या काठाभोवती खरंच मिटलेली असायची.

शेवटी आम्ही पॉकेट स्प्रिंगचीच घेतली, वर लॅटेक्सचा थर असलेली, मध्यम कडक. दाबून, गुंडाळून, हवा काढून आली ती. नवऱ्यानं प्लास्टिक कापलं तेव्हा हवा आत ओढल्याचा मोठा सुस्कारा आला आणि ती फुलायला लागली. एक दिवस खिडक्या उघड्या टाकून तशीच ठेवली, वास जाईपर्यंत. जुनी गादी भिंतीला उभी केली होती. उभ्या गादीला खड्डे आणखी स्पष्ट दिसतात, कारण उजेड बाजूनं पडतो. दोन माणसं, एक खोल आणि एक उथळ, आणि मध्ये कुणीच नाही. ती न्यायला माणसं आली तेव्हा मी आतल्या खोलीत गेले. जिन्याच्या वळणावर ती अडकल्याचा, मग सुटल्याचा आवाज ऐकला.

नवी गादी चांगली आहे, हे मला मनापासून सांगायचं आहे. तिसऱ्या आठवड्यापासून कंबर आखडणं थांबलं. खांदा दुखत नाही. मध्ये उंचवटा नाही. हात सरळ पलीकडे जातो. आणि त्या मुलानं सांगितलं तसंच आहे, मला काही कळत नाही. जुन्या गादीवर तो उठला की माझी बाजू जराशी वर यायची. मी जागी होत नव्हते, पण झोपेतच कुठंतरी नोंद व्हायची की उठलाय, आणि थोड्या वेळानं बाजू पुन्हा खाली गेली की आला. एवढी वर्षं हे होत होतं आणि ते होतं हेच मला माहीत नव्हतं. आता ते नाही म्हणून कळलं. एका पहाटे जाग आली तर शेजारी कुणी नाही. चादर गार. बाहेरच्या खोलीत जाऊन पाहिलं तर तो खुर्चीत बसून होता. “कधीचा उठलास?” “दीड-दोन तास झाले असतील. झोप लागेना. तुला कळलं नाही ना?” त्याला वाटत होतं हे चांगलंच झालं, माझी झोप मोडली नाही. मी “नाही” म्हटलं आणि त्याच्याशेजारी बसले. पाणी न सांडलेला तो ग्लास मला सारखा दिसत होता.

त्यानंतर काही दिवसांनी मी मोबाईलवर दोनचा गजर लावला, आवाज बंद, नुसती थरथर, उशीखाली, उजव्या हाताजवळ. गजर वाजला तेव्हा मी डाव्या कुशीवर होते आणि हात होता तिथंच होता. हळूच मान उचलली. खिडकीतून रस्त्याच्या दिव्याचा उजेड आत येत होता. तो गाढ झोपला होता. उताणा नाही. गुडघे पोटाशी घेतलेले, एक पाऊल चादरीबाहेर, तोंड माझ्याकडे, आणि डावा हात मधल्या जागेत लांब पसरलेला, तळवा वर.

दोन वाजता, उजवी.